फ्रेंच बुलडॉग घरी आणताय? आधी मुंबईची हवा बघा

वन बीएचकेमध्ये कुत्रा पाळायचा विषय निघाला की हल्ली पहिलं नाव फ्रेंचीचं येतं. कारणं सगळी पटण्यासारखी आहेत. वजन दहा-बारा किलो, केस आखूड, भुंकणं बेताचं. धावायला मैदान लागत नाही, सोफ्यावर घोरत पडायला मिळालं की स्वारी खूश. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आजींनाही त्याची भीती वाटत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत लॅब्रेडॉर सलग 31 वर्षं पहिला होता. 2022 साली ती जागा फ्रेंच बुलडॉगने घेतली. आपल्याकडेही पवई, ठाणे, अंधेरीच्या टॉवरांमध्ये संध्याकाळी खाली उतरा, वटवाघळासारखे कान उभारून चाललेला एखादा तरी दिसतोच.

घराच्या मापाने बघितलं तर हा कुत्रा मुंबईसाठीच घडवलाय असं वाटतं. अडचण आहे ती हवेची. जागेच्या चौकशीत लोक महिने घालवतात आणि एप्रिल ते जून, मग पुन्हा ऑक्टोबर, हे चार महिने हा प्राणी श्वास कसा घेणार, हा प्रश्न पिल्लू घरी आल्यावर डॉक्टरांकडे पहिल्यांदा ऐकतात. आमच्या घरी बाळू नावाचा फ्रेंची आहे. त्याच्यामुळे ओळखीचे लोक सारखे विचारत असतात, "घेऊ का?" त्यांना जे सांगतो तेच इथे जरा क्रमाने लिहितोय.

आधी नाक समजून घ्या

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा भाग वाचा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो. जीभ, घसा आणि नाकाच्या आतलं पाणी हवेत उडून जातं आणि त्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर पडते. आता मुंबईत डेझर्ट कूलर का चालत नाही ते आठवा. नागपूरच्या 44 अंशांत कूलर झकास गारवा देतो आणि दादरच्या 34 अंशांत नुसता चिकचिकाट, कारण इथल्या हवेत आधीच इतका ओलावा असतो की आणखी पाणी उडायला जागाच नसते. कुत्र्याच्या धापेचंही तेच होतं. म्हणून मोबाइलवर 33 अंश दिसले तरी "आज फार ऊन नाहीये" असं समजू नका. सोबत आर्द्रतेचा आकडा बघा. तो सत्तरच्या वर असेल तर फ्रेंचीसाठी तो वाईट दिवस.

हे झालं सगळ्याच कुत्र्यांचं. फ्रेंचीचा कूलर मुळातच अर्ध्या मापाचा आहे. पिढ्यानपिढ्या चपट्या तोंडाची निवड करत गेल्यामुळे कवटीचं हाड आखूड झालं, पण आतलं मऊ मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. ते सगळं कमी जागेत कोंबलं गेलंय. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग लांबून श्वासनलिकेच्या तोंडाशी लोंबकळतो, आणि काहींची श्वासनलिकाही अंगाच्या मानाने बारीक असते. अशा वाटेने हवा ओढायला छातीला जोर लावावा लागतो. त्या जोराने अंग आणखी तापतं, घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते. डॉक्टरांच्या तोंडी याचं नाव 'बोआस'. सगळ्याच फ्रेंचींना हा त्रास सारखा नसतो. काही बरे चालतात-फिरतात, काहींना शस्त्रक्रिया करून नाकपुड्या रुंद आणि टाळू कमी करून घ्यावी लागते.

"बघा ना, माणसासारखा घोरतो!" असं म्हणून व्हिडिओ फिरवले जातात. जागेपणी, बसल्या जागी घोरल्यासारखा आवाज येत असेल तर तो हवा अडल्याचा आवाज आहे. हनुवटी उशीवर टेकवून किंवा तोंडात खेळणं धरून झोपणं, बसल्या बसल्या डुलक्या घेणं, खाल्ल्यावर फेस उलटणं, चार पावलं पळून थांबणं, जीभ जांभळट दिसणं: यातलं काहीही नियमित दिसलं तर ती सवय किंवा लाड नाही, तपासणीची वेळ झालेली आहे.

ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठाने यासाठी एक सोपी पद्धत बसवली आहे. स्टेथोस्कोपने श्वास ऐकायचा, कुत्र्याला तीन मिनिटं जलद चालवायचं, पुन्हा ऐकायचं आणि 0 ते 3 अशी श्रेणी द्यायची. 0 म्हणजे त्रास नाही, 3 म्हणजे गंभीर. नेदरलँड्सने 2019 मध्ये नियम कडक केले: नाकाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल त्या कुत्र्यांची पैदास करायची नाही. आपल्याकडे असं काही नाही, त्यामुळे ही तपासणी तुमची तुम्हालाच करायची आहे. कशी, ते पिल्लू बघायला जाण्याच्या भागात येईलच.

जाता जाता एक गंमत. फ्रेंच म्हणून मिरवणाऱ्या या कुत्र्याचं मूळ इंग्लंडातलं. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली तसे नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर कामाच्या शोधात फ्रान्सला, नॉर्मंडीकडे गेले आणि आपले छोटे बुलडॉग सोबत घेऊन गेले. म्हणजे हा जन्माने थंड देशांचा. इथल्या मे महिन्याशी त्याची गाठ आपण घालून दिली आहे.

घरात दिवसभर कोण असतं?

दुसरा प्रश्न हा. नवरा-बायको दोघं सकाळी साडेआठला बाहेर आणि रात्री साडेआठला परत, मधे घरात कोणी नाही, असं असेल तर मी स्पष्टच सांगतो: फ्रेंची घेऊ नका. हा माणसांना चिकटून राहणारा कुत्रा आहे. स्वयंपाकघरात गेलात तर स्वयंपाकघरात येईल, बाथरूमच्या दाराबाहेर बसून राहील. बारा तास एकटा राहिला की रडणं, चपला आणि सोफा फाडणं सुरू होतं. आणि त्या बारा तासांत घराची हवा कोण सांभाळणार? दार-खिडक्या बंद असलेला फ्लॅट एप्रिलच्या दुपारी किती तापतो ते रविवारी दुपारी एसी बंद करून बसून बघा.

एसी ही चैन नाही, खर्चाच्या यादीतली पहिली ओळ आहे. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये दुपारचे पाच-सहा तास निदान एका खोलीत 25-26 अंशांवर एसी चालणार हे धरून विजेच्या बिलाचा हिशोब करा. बरं, वीज जातच नाही असं मुंबईकराने समजू नये. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या शहराची वीज गेली होती आणि काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. महिना नेमका ऑक्टोबर हीटचा. अशा वेळी घरात कोणी तरी असावं, फ्रीजरमध्ये दोन-तीन बाटल्या बर्फ असावा, आणि शेजारच्या एका घरी किल्ली असावी.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं मत आधी घ्या, नंतर नाही. दिवसभर कुत्र्याबरोबर तेच असणार आहेत. कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा. त्यांना कुत्र्याची भीती असेल तर एक तर मावशी जातील किंवा कुत्रा रोज दोन तास कोंडला जाईल, आणि दोन्ही वाईट.

दमा किंवा त्वचेच्या ॲलर्जीचं कोणी घरात असेल तर आधी फ्रेंची असलेल्या एखाद्या घरी दोन-तीनदा जाऊन बसा. केस आखूड आहेत म्हणून गळत नाहीत हा गैरसमज आहे. गळतात, आणि सुईसारखे कपड्यांत घुसतात.

सोसायटी आणि परवाना

यात फार वेळ घालवू नका, पण कागद हातात ठेवा. भारतीय पशू कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेऊ शकत नाही. हे सेक्रेटरींना भांडून सांगण्यापेक्षा पिल्लू येण्याआधी चहाला बोलावून सांगितलेलं बरं. घाण उचलायची पिशवी मात्र रोज खिशात हवी. त्या एका गोष्टीवरून निम्मी भांडणं होतात आणि त्यात चूक आपलीच असते.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाची परवानगी लीव्ह अँड लायसन्सच्या करारात लेखी घ्या. तोंडी "हो हो, चालेल" अकरा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

मुंबई महापालिकेचा परवाना दरवर्षी घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो आणि त्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ती लस झाली की लगेच अर्ज करा.

आणखी एक. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 'हिंस्र' जातींवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं तेव्हा बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर "बुलडॉग बॅन झाला" असं फिरलं. त्या यादीत अमेरिकन बुलडॉग होता, फ्रेंच नव्हता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्दही केलं. पण कमिटीत कोणी तरी तो जुना मेसेज काढून दाखवणारच, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पिल्लू कुठून आणायचं

मुंबईत फ्रेंचीच्या पिल्लाला साठ-सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत काहीही सांगितलं जातं. भाव एवढा का, त्याचं एक कारण शरीरातच आहे. या जातीत डोकं मोठं आणि कंबर अरुंद, त्यामुळे बहुतेक माद्यांचं बाळंतपण सिझेरियननेच होतं. गर्भधारणाही अनेकदा कृत्रिम रेतनाने करावी लागते. एका वेळी पिल्लं तीन-चारच. म्हणून कोणी पंचवीस हजारांत 'शुद्ध' फ्रेंची देतोय म्हटलं तर समजा की कुठे तरी खर्च वाचवलाय, आणि तो पिल्लाच्या किंवा त्याच्या आईच्या अंगावरून वाचवलाय.

कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतचे केंद्राचे 2017 चे नियम आहेत. ब्रीडरची नोंदणी राज्याच्या पशू कल्याण मंडळाकडे हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची पैदास करायची नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर जो हसतो किंवा विषय बदलतो, त्याच्याकडून उठून या. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे वंशावळ. तब्येतीचा दाखला नाही. लोक या दोन्हींची गल्लत फार करतात.

ऑनलाइन फोटो बघून यूपीआयने टोकन पाठवू नका. "पिल्लू पुण्यात आहे, टेम्पोने पाठवतो, आधी पाच हजार टाका" हा प्रकार सर्रास चालतो. पैसे जातात, पिल्लू कधी नव्हतंच. आणि खरोखर असलं तरी उन्हात बंद खोक्यातून आलेलं आठ आठवड्यांचं चपट्या नाकाचं पिल्लू कुठल्या अवस्थेत पोहोचेल याचा विचार करा.

निळा, लायलॅक (फिका जांभळट-करडा), मर्ल (वेडेवाकडे डाग असलेला), 'फ्लफी' (लांब केसांचा) असे 'दुर्मीळ' रंग-प्रकार सांगून जास्त पैसे मागतात. जातीच्या मान्य मानकात हे बसत नाहीत. फिक्या निळ्या-करड्या रंगाच्या कुत्र्यांत केस जाऊन त्वचेचे विकार होण्याची शक्यता असते. मर्ल तर या जातीत मुळात नाहीच, बाहेरून मिसळून आणलेला आहे, आणि आई-बाप दोघे मर्ल असतील तर पिल्लं बहिरी-आंधळी जन्मू शकतात. साधा फॉन (फिकट तपकिरी) किंवा वाघासारख्या पट्ट्यांचा ब्रिंडल घ्या आणि उरलेले पैसे डॉक्टरांसाठी ठेवा.

आता प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा. दुपारी जा, सकाळच्या गारव्यात नको. आधी पिल्लाकडे वळूच नका, कारण एकदा ते मांडीवर बसलं की अक्कल संपते. आई कुठे आहे ते विचारा. "ती फार्मवर आहे" हे उत्तर चालणार नाही. आईला, आणि बाप तिथेच असेल तर त्यालाही, आवारात तीन मिनिटं जरा झपझप चालवायला सांगा आणि मग गप्प उभं राहून ऐका. घशातून करवतीसारखा घर्रघर्र आवाज येतोय का? शांत व्हायला किती वेळ लागला? चालताना मागचे पाय डुलतात का? आईलाच तीन मिनिटं झेपत नसतील तर तिची पिल्लं घेऊ नका.

मग पिल्लू. ते झोपलेलं असताना कान जवळ नेऊन ऐका. तोंड मिटून शांत श्वास चालला पाहिजे. जागं झालं की समोरून नाक बघा. नाकपुड्या स्वल्पविरामासारख्या उघड्या दिसल्या पाहिजेत. नुसती उभी चीर दिसली आणि श्वास घेताना ती आणखी मिटत असेल तर ते पिल्लू पुढे शस्त्रक्रियेकडे जाण्याची शक्यता मोठी. डोळ्यांत पाणी किंवा कोपऱ्यात लालसर गाठ नको. नाकावरची घडी बोटाने हलकेच उघडा आणि वास घ्या. आंबूस वास म्हणजे आत बुरशी. शेपटीखाली एक खळगा असतो, तोही बघा. तिथली घाण विकणाऱ्यानेही कधी साफ केलेली नसते. व्यवहार ठरला तरी आपल्या डॉक्टरांनी तपासून होकार दिला तरच पक्का, एवढी अट घाला.

मोठा कुत्रा घ्यायची तयारी असेल तर दत्तकाचाही रस्ता आहे. हच या मोबाइल कंपनीच्या पग कुत्र्याच्या जाहिरातीनंतर इमारतीगणिक पग आले होते, आणि हौस फिटल्यावर त्यातले बरेच रस्त्यावर किंवा शेल्टरमध्ये दिसू लागले. फ्रेंचीचंही आता तेच सुरू आहे. परदेशी बदली, बाळ झालं, खर्च झेपेना, अशी कारणं देऊन तीन-चार वर्षांचे फ्रेंची सोडले जातात. अशा कुत्र्याचा श्वास, पाठ, त्वचा कशी आहे ते समोर दिसतं. पिल्लात ते अंदाजाने घ्यावं लागतं. आणि खरं विचाराल तर, जात हवीच असा हट्ट नसेल, तर आपल्या गल्लीतलं लांब नाकाचं देशी पिल्लू या हवेसाठी केव्हाही सरस.

घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात डॉक्टर ठरवा आणि त्यांच्याकडून लसीकरणाचं वेळापत्रक लिहून घ्या. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला रेबीज. मुंबईत लेप्टोची लस चुकवू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो, आणि त्यांच्याकडून घरात येऊ शकतो. डॉक्टर जवळचे हवेत, पण रात्री-अपरात्रीसाठी मोठं रुग्णालयही माहीत असावं. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, तिथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. तुमच्या घरापासून मध्यरात्री आणि संध्याकाळी सातला किती वेळ लागतो ते एकदा बघून ठेवा. बोरिवलीकराला संध्याकाळी सातला परळ म्हणजे दुसरं गाव.

गळ्यात पट्टा नको, छातीवर बसणारा हार्नेस घ्या. आधीच अरुंद श्वासनलिकेवर पट्ट्याचा ताण कशाला?

घरातल्या टाइल्स गुळगुळीत असतात. फ्रेंचीच्या पाठीचे मणके जन्मतः वेडेवाकडे असू शकतात आणि मणक्यांमधली गादी सरकण्याचा धोका या जातीत जास्त. पलंग-सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, उतरायला छोटी पायरी ठेवा, चालण्याच्या वाटेवर सतरंजी टाका. एखाद्या दिवशी मागचे पाय ओढत चालायला लागला किंवा पंजा उलटा टेकू लागला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच न्यायचं. तिथे तासांना किंमत असते.

खाण्याचं. मराठी घरात कुत्रा म्हटलं की दूध-पोळी. फ्रेंचीला ती देऊन बघा आणि संध्याकाळी हॉलमध्ये बसून दाखवा! पोटातले वारे हा या जातीचा प्रसिद्ध गुण आहे आणि दूध त्याला हातभार लावतं. डॉक्टरांनी सांगितलेलं पिल्लाचं खाणं मोजून द्या. वजन वाढू देणं या कुत्र्यात फार महाग पडतं, कारण चरबी मानेभोवती आणि छातीवर बसते आणि श्वास आणखी कोंडतो. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. सगळ्यात अवघड काम म्हणजे आजोबांच्या ताटातून खाली येणारा घास थांबवणं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, मनुका, शुगरफ्री गोळ्या हे सगळं कुत्र्याला विषारी. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात हे पूजेच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रसादाचा द्रोण खाली ठेवू नका. चिकनची शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

नाकावरच्या घड्या रोज ओल्या मऊ कापडाने पुसून, नंतर कोरड्या करायच्या. कोरड्या करणं जास्त महत्त्वाचं. शेपटीचा खळगा आणि कान आठवड्यातून एकदा बघायचे. जुलै-ऑगस्टमध्ये पंजांच्या बोटांमधेही बुरशी धरते, त्यामुळे फिरून आल्यावर पाय पुसून पंख्याखाली दोन मिनिटं बसवा. गोचिडांचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने, वर्षभर.

घरातल्या धुराकडेही लक्ष द्या. मच्छर अगरबत्ती, धूप, मिरचीची फोडणी: आपण खोकतो, त्याचा घसा सुजतो. संध्याकाळी धूप फिरवायचा तर त्याला दुसऱ्या खोलीत न्या आणि दार लावा.

नसबंदी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया करायची झाली तर चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल देण्याचा अनुभव आहे का, हे डॉक्टरांना थेट विचारा. भूल उतरताना या कुत्र्यांना जास्त जपावं लागतं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. विमा काढणार असाल तर जन्मजात आणि जातीचे विकार वगळलेत का ते बारीक अक्षरांत वाचा. फ्रेंचीचा मोठा खर्च नेमका तिथेच असतो.

उन्हाळा आणि उष्माघात

फिरायला सकाळी सातच्या आत, रात्री नऊनंतर. एकेका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवा. तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही नाही. मे महिन्यात बाळू घरातल्या घरात ओट्याखालच्या कडप्प्यावर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडलेला असतो. असा पसरला की त्याला उठवायचं नाही, फिरायलासुद्धा नाही. खाली न्यावंच लागलं तर शी-शू करून लगेच परत.

उष्माघात कसा ओळखायचा? कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं की धोका. धापा थांबत नाहीत, आवाज घोगरा-कर्कश होतो, लाळ चिकट-दोरीसारखी, हिरड्या गडद लाल किंवा जांभळट, चाल अडखळती. अशा वेळी आधी थंड करायचं, मग गाडी शोधायची. सावलीत किंवा एसीत न्या, बादलीने नळाचं पाणी अंगावर ओतत राहा, विशेषतः पोट आणि जांघांवर, आणि पंखा पूर्ण वेगाने लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत धरतो. जबरदस्तीने पाणी पाजू नका. मग एसी चालू ठेवून रुग्णालय. वर उठून बसला तरी न्यायचंच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर दिसते.

पार्क केलेल्या गाडीत काच खाली करून पाच मिनिटं ठेवणं, "फक्त वाणसामान घेऊन येते," हेसुद्धा नको.

गावी जाताना

मे महिना आला की प्रश्न येतो: रत्नागिरी-कुडाळला जायचंय, याचं काय? रेल्वेत कुत्रा नेता येतो तो फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. मे महिन्यात त्या लोखंडी पिंजऱ्यात फ्रेंची ठेवणं म्हणजे त्याला मारणंच. कोकणातल्या सगळ्या गाड्यांना फर्स्ट एसी नसतो, आणि असला तरी कूपे मिळेलच याची खात्री चार्ट लागेपर्यंत नसते. बऱ्याच विमान कंपन्या चपट्या नाकाचे कुत्रे सामानकक्षात घेतच नाहीत, आणि त्याला कारण आहे. राहिली आपली गाडी. रात्री निघा, एसी बंद करू नका, दर दोन तासांनी थांबा, जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी उरका.

अलिबाग, कर्जत, लोणावळ्याला पूल असलेला बंगला घेणार असाल तर पूलभोवती कुंपण आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. फ्रेंचीचं डोकं आणि छाती जड, पाय आखूड; पाण्यात तो पोहत नाही, बुडतो. लाइफ जॅकेट असलं तरी नजर हटवायची नाही.

गावी नेणं जमत नसेल तर बोर्डिंग शोधा, पण तिथे जाऊन कुत्रे झोपतात ती खोली बघा. रिसेप्शनला एसी आणि आत पत्र्याची शेड, असंही असतं. दुपारी दोनला जा, आत पाच मिनिटं उभे राहा. रात्री माणूस तिथेच झोपतो का, जवळचे डॉक्टर कोण, जनरेटर आहे का, हे विचारून घ्या. चांगल्या ठिकाणी मे महिन्याच्या जागा फार आधी भरतात, तेव्हा फोन होळीच्या आसपासच करा.